आत्याची व्हॅम्पायर कादंबरी

चूक माझी होती, हे आधीच सांगतो. सुमनआत्या गेली त्याच्या दहा दिवस आधी तिच्या उशाशी असलेली व्हॅम्पायरची इंग्रजी कादंबरी मी उचलून कपाटात टाकली आणि तिच्या जागी पोथी ठेवली. आजारी माणसाजवळ रक्त पिणाऱ्यांच्या गोष्टी नकोत, असं म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. पुण्याचे नातेवाईक भेटायला येणार होते, ते काय म्हणतील...

कोठी भागातल्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेली आत्या शेवटचे दोन महिने नामपल्लीला आमच्या घरी होती. इंग्रजी कादंबरी तिला जड जाई आणि माझ्या मुलीला, ईराला, मराठी धड वाचता येत नाही. दोघींनी सौदा केला. रोज संध्याकाळी आत्या एका नटाच्या विनोदी आठवणी वाचून दाखवायची, मग ईरा कादंबरीचं एक प्रकरण तिच्या दखनी मिसळलेल्या मराठीत सांगायची. "तो उन्हात गेला की जळतोच सीधा, आत्याआजी. हिरोईन नक्को बोलली तरी ऐकत नाही. हौला आहे पूरा, एकदम येडा." आत्या ठसका लागेपर्यंत हसायची आणि मी बाहेरून दटावायचो.

पोथी पाहून ती एवढंच म्हणाली, "यातले राक्षस चालतात का रे तुला? तेही रक्तच पितात." त्या दिवसापासून ईरा दाराशी आली, की आत्याआजी झोपलीय, असं सांगून तिला परत पाठवू लागलो. कादंबरीची तीन प्रकरणं राहिली ती राहिलीच.

शोकसभेत जो तो सांगत होता, बाईंनी पोथी वाचत देह ठेवला. ही बातमी मीच पसरवलेली. शेवटी मला ऐकवेना. उठलो आणि म्हणालो, पोथी तिनं उघडलीसुद्धा नाही. ती व्हॅम्पायरची गोष्ट ऐकत होती, खळखळून हसत होती आणि ते मी बंद केलं. मरणाऱ्यानं गंभीर राहावं ही आपली सोय आहे, त्याची नव्हे. एक काका उठून निघून गेले. जावोत. आज छापूनही तेच सांगतोय.

परतताना रिक्षात ईरा म्हणाली, "माझी गोष्ट तिला बोर झाली, असं वाटलं मला. ती बोलवत होती का मला, बाबा?"

"रोज," मी म्हणालो. "ती झोपलीय, हे मी खोटं सांगत होतो. माझं चुकलं, ईरा. मला माफ कर."