फाटलेला ढोल आणि अध्यक्षांचे अधिकार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — बायकोला तर मुळीच नाही, ती आमच्या मंडळाची खजिनदार आहे.

जपानमधल्या हिगाशी-कसाईतलं आमचं मराठी मंडळ. अध्यक्ष देशमुखकाका, बँकेतले, सज्जन माणूस. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये आमचा ढोलाचा सराव असायचा. आमच्या आधी इशिकावा-सान नावाच्या आजींचा गाण्याचा क्लब. त्या वेळेवर संपवत, आम्ही वेळेवर येत नसू. तंटा म्हणावा तर एवढाच.

गणपतीच्या तोंडावर ढोल फाटलेला निघाला. तातडीची सभा. "हा आपल्यावर हल्ला आहे!" कुणीतरी ओरडलं. आणि ठराव कुणी मांडला? मी. 'अध्यक्षांनी आवश्यक ती सर्व पावलं उचलावीत.' कुठली, कुणाविरुद्ध, कधीपर्यंत — विचारलं कुणी? मोठमोठ्या देशांच्या संसदासुद्धा राष्ट्राध्यक्षांना असाच मोघम अधिकार देतात आणि मग युद्ध टीव्हीवर बघतात. आम्हाला तर घरी जाऊन कुकर लावायचा होता. सगळे हात वर.

काकांनी युद्ध पुकारलं नाही. "युद्ध कसलं? पावलं उचलतोय," म्हणायचे. आजींनी सूर लावला की दाराबाहेर ताशा. मग त्यांच्या स्लिपर गायब. मग हॉलचं बुकिंग त्यांच्या आधी आमचं — दर रविवारी, अख्खा दिवस. आम्ही ग्रुपवर वाचायचो आणि अंगठ्याचे इमोजी टाकायचो. आजींचा क्लब बंद पडला.

आता सांगतोच. ढोल मी फाडला होता. वरच्या फळीवरचं झांजांचं खोकं काढायला ढोलावर उभा राहिलो — आणि आत गेलो. गुडघ्यापर्यंत.

पण खरं पाप तेही नाही.

एका रविवारी इशिकावा-सान एकट्याच आल्या, संत्र्यांची पिशवी घेऊन. आमच्याकडून नकळत काही आगळीक झाली असेल तर क्षमा करा, म्हणाल्या, आणि कमरेत वाकल्या. जपानी धड येत होतं ते मला एकट्याला. काकांनी विचारलं, "काय म्हणतायत?"

खरं बोलायला एवढी चांगली संधी — आणि मी काय म्हणालो?

"गुन्हा कबूल करतायत, काका."

काकांनी मोठ्या मनाने माफ केलं. टाळ्या झाल्या. अधिकार परत घ्यायचं कुणाला सुचलं नाही, ते अजून काकांकडेच आहेत. आजी मात्र वाकलेल्याच होत्या. मी त्यांना, जपानीत, म्हणालो, "असू दे, होतं असं."