कपाळ वाचणारे मामा

माणसाच्या कपाळाकडे बघून त्याचं मत कुणाला जाणार हे सांगणारा माणूस अख्ख्या सांगलीत एकच, आणि दुर्दैवाने तो माझ्या बायकोचा मामा. मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, शिराळ्याचा ऊस भावावर सोपवला आणि विश्रामबागेत राहायला आले. निवडणूक लागली की ते सकाळीच देवळासमोरच्या चहाच्या टपरीवर ठाण मांडत. गंध, बुक्का, भस्म, प्रत्येकाचा पक्ष ठरलेला. एकदा पिवळ्याधमक कपाळाचा एक गृहस्थ येताना दिसला. "भंडारा! खंडोबाचा भगत. ह्याचं मत पक्कं," मामांनी जाहीर केलं. तो कण्हत म्हणाला, "आवं, भंडारा कुठला? चौकट लागली, बायकोनं हळद थापली." मामा गंभीरपणे म्हणाले, "चौकट कुठल्या देवळाची?"

या टपरीवर रोज त्यांच्याशेजारी बसत ते शिंपीचाचा. वीस वर्षांची दोस्ती. मामांच्या विजारी चाचा शिवणार, ईदेचा शिरखुर्मा मामा दोन वाट्या रिचवणार, आणि मतदानालाही दोघं मिळूनच जाणार. गेल्या निवडणुकीत कुणीतरी विचारलं, "मामा, चाचांचं मत?" मामा बोलून गेले, "त्यात काय बघायचं? टोपी दिसतीय की!" सगळे हसले. चाचांनी अर्धा कप खाली ठेवला आणि ते उठून गेले.

चार दिवस चाचा आले नाहीत. मामा कपाळं वाचायचं विसरले. एका बुवाला तर त्यांनी नुसतंच "या, बसा" म्हटलं. पाचव्या दिवशी मला सोबत घेऊन ते दुकानात गेले. चाचा मशीन थांबवेनात.

"चुकलं गड्या," मामा म्हणाले.

"हवालदार, वीस वर्षांत मला एकदा तरी इचारलं का, मत कुणाला देतोस? आमच्या गल्लीतलं गटार तुंबलंय. जो काढीन म्हणतो, त्याला देतो. दर बारीला फसतो."

"आरं, आमचं बी तुंबलंय!" मामा आनंदाने ओरडले. "मी बी त्यालाच देतोय!"

मशीन थांबलं. मग दोघांनी मिळून त्या माणसाला अशा काही शिव्या दिल्या, की दुकानातलं गिऱ्हाईक माप न देताच निघून गेलं.

गेल्या वर्षी चाचांना त्यांच्या मुलाने पुण्याला नेलं. यंदा मतदानाला मामांसोबत मी गेलो. बूथबाहेरच्या टेबलावरच्या कार्यकर्त्याने लगबगीने विचारलं, "मामा, तुमच्याकडची मतं किती धरायची?"

मामांनी रस्त्याकडे पाहिलं.

"दोन व्हती," ते म्हणाले. "एक पुण्याला गेलं."