गाण्यातला बाप

माझ्या मुलाच्या गळ्यातली सोन्याची साखळी किती तोळ्यांची आहे, हे मला आमच्या दूधवाल्याने सांगितलं. मुंबईत त्याचा फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे, गाड्या किती आणि कोणत्या रंगाच्या, हेही मला असंच कुणाकडून तरी कळतं. तो रॅप गातो. देशभरातली पोरं त्याला ओळखतात, आणि उज्जैनमध्ये तर टावर चौकातल्या पानवाल्यालाही त्याची कहाणी पाठ आहे. लहानपणीच बाप घर सोडून गेला, आईने भैरवगढ़ला कपडे रंगवून हात निळे करून घेतले, पोरगा सडकेवर वाढला आणि आता बघा कुठे पोचला. ऐकताना माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. फक्त त्या कहाणीतलं एक अक्षरही खरं नाही.

खरं एवढंच आहे की माझा नवरा बँकेत होता आणि मी शाळेत शिकवत होते. हे मूळचे अकोल्याचे, नोकरीमुळे उज्जैनला आले आणि इथलेच झाले. माझं माहेर इथलंच, पूर्वज कधी काळी दरबारात कारकुनी करायला आलेले. त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी फार. मी फोडणी दिली न म्हणता "भाजी बघारली" म्हटलं की हे लग्नानंतर कितीतरी वर्षं हसायचे. नानाखेड़्याकडे आम्ही घर बांधलं, स्कूटर घेतली, पोराला चांगल्या शाळेत घातलं. त्याला कधी उपाशी झोपवलं नाही. भैरवगढ़ला मी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत कापडावरची छपाई शिकायला गेले होते, हौस म्हणून. दोन चादरी छापल्या. त्यातल्या एकीचा रंग धुण्यात गेला आणि ह्यांनी वर्षभर निळसर बनियन घातले. माझ्या निळ्या हातांची गोष्ट ती एवढीच.

आणि ज्या बापाने घर सोडलं म्हणतात, तो रोज संध्याकाळी बँकेतून आला की हातपाय धुऊन पोराला समोर बसवायचा. ह्यांना तबल्याचं वेड होतं. पण पोराच्या हाताला तबला लागला पुष्कळ नंतर, आधी सगळं तोंडाने. मांडीवर टाळी देत बोल म्हणायचे, आधी साध्या लयीत, मग दुगुन, मग चौगुन. ज्या वयात त्याला "र" नीट म्हणता येत नव्हता, त्या वयात तो तिरकिट चौपटीत म्हणायचा. जीभ अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. हे कधी रागावले नाहीत. मीच स्वयंपाकघरातून ओरडायचे की पोळ्या गार होतायत. त्या जिभेवर आज लोक पैसे उधळतात.

कॉलेजला तो इंदूरला गेला. तिथे म्हणे स्पर्धा असतात, दोन पोरं समोरासमोर उभी राहतात आणि यमकं जुळवत एकमेकांची लाज काढतात. ह्याच्या समोरच्याने ह्याची सगळी माहिती काढली होती. बाप बँकेत, आई मास्तरीण, पोरगा तबल्याच्या क्लासला जाणारा दहीभात खाऊ. हॉल हसला, आणि हा हरला. घरी येऊन दोन दिवस पडून होता. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "आई, माझ्याजवळ स्टोरीच नाहीये. कुणी मारलं नाही, कधी भूक नाही लागली. मी काय गाऊ?" मला हसू आलं. देवाचे आभार मान म्हटलं आणि त्याला जेवायला वाढलं. तेव्हाच भ्यायला हवं होतं मी.

पुढच्या सुट्टीत तो स्टोरी घेऊनच आला. आम्हा दोघांना सोफ्यावर बसवून त्याने गाणं ऐकवलं. त्यात दारुडा बाप होता, रात्रीतून पळून गेलेला, आणि निळ्या हातांची आई होती. गाणं हिंदीत, शब्द असे की मी मान खाली घातली. "बाबा, हे तुम्ही नाही हं," तो म्हणाला, "कॅरेक्टर आहे." हे डोळे मिटून ऐकत होते, बोटं गुडघ्यावर चालू. मला वाटलं, आता भडकणार. तर म्हणाले, "तिसऱ्या ओळीत मात्रा सांडतायत. 'बेईमान' काढ, 'कायर' घाल, बरोबर समेवर येशील."

मग बापलेक दुपारभर बसले. बापाला द्यायच्या शिव्या बापानेच लयीत बसवून दिल्या. मी दोनदा चहा केला, आणि मला अभिमान वाटला की केवढ्या मोठ्या मनाचा माणूस आपल्या नशिबी आला. माझ्याइतकी मूर्ख बाई शोधून सापडायची नाही.

ते गाणं गाजलं. मग मुलाखती सुरू झाल्या. पहिल्या मुलाखतीत कुणीतरी विचारलं, हे सगळं तुमच्याच घरचं का? तो गप्प राहिला, आणि लोकांनी त्याचं गप्प राहणं म्हणजे होकार धरला. दुसऱ्या वेळी तो स्वतःच हो म्हणाला. मी फोनवर भांडले, तर म्हणाला, आता माझ्यावर कितीतरी जणांची रोजीरोटी आहे, मागे नाही फिरता येत. इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना खरं माहीत होतं. कुणी चकार शब्द काढला नाही. एकाने तर ह्यांच्याकडेच कार्यक्रमाचे पास मागितले. "नाटकात खलनायक लागतोच की," असं म्हणून हे सगळ्यांना हसून दाखवायचे. पण बँकेतल्या जुन्या मंडळींकडे जाणं त्यांनी बंद केलं, आणि सकाळी फिरायला मागच्या गल्लीने जाऊ लागले.

त्यांनी स्वतःसाठी एकदाच काही मागितलं, तेही माझ्याजवळ. मटार सोलत बसलो होतो. म्हणाले, "मी वाईट बाप तर वाईट बाप. पण लय कुठे शिकलास असं कुणी विचारलं, तर नुसतं 'घरी' म्हणाला तरी मला पुष्कळ आहे."

गेल्या हिवाळ्यात एका चॅनलला त्याचं बालपणीचं घर दाखवायचं होतं. तो स्वतः आदल्या दिवशी आला. सोफा मागच्या खोलीत गेला, फ्रिजवर जुनी चादर पडली, भिंतीवरचा आमच्या लग्नाचा फोटो उतरला. मला म्हणाला, मंगळसूत्र तेवढं ब्लाउजच्या आत घे. मी घेतलं. ह्यांनी शूटिंगच्या दिवशी मित्राकडे जायचं असं ठरलं होतं. पण सकाळी म्हणाले, मी आतल्या खोलीत बसतो, आवाज करणार नाही. ते का थांबले, मला ठाऊक होतं. त्यांना तो एक प्रश्न स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता.

मुलाखत घेणारी मुलगी गोड होती. तिने माझे हात बघायला मागितले. मी ते पदराखाली लपवले, तर तिला वाटलं मी लाजले, आणि तिचेच डोळे भरून आले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग ती त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, इतना तेज़, इतना साफ़, ये आपने सीखा कहाँ?

आतल्या दाराला पडदा होता. पडद्याखाली ह्यांची पावलं दिसत होती. मुलाने पडद्याकडे पाहिलं, मी शपथेवर सांगते. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "सड़क ने सिखाया."

पावलं तिथेच होती. थोड्या वेळाने पडदा सरकला आणि हे पाण्याचे पेले घेऊन बाहेर आले. का आले, मी आजवर विचारलेलं नाही. कदाचित त्या मुलीला खोकला येत होता म्हणून असेल. कदाचित त्यांना आत राहवलंच नसेल. कॅमेरा चालूच होता. तिने हसून विचारलं, "ये अंकल कौन हैं?"

मुलाने जमिनीकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. तो बोलेल म्हणून मी वाट पाहिली. पण त्याचं तोंड पार उतरलं होतं, लहानपणी काचेचं काही फोडल्यावर उतरायचं तसं, आणि ते मला बघवेना. मग मीच बोलले. "किराएदार हैं. ऊपर रहते हैं. भले आदमी हैं."

ह्यांनी पेले खाली ठेवले. त्या मुलीला नमस्कार केला. "हाँ जी, बहुत साल हो गए," एवढंच म्हणाले आणि बाहेरचा जिना चढून वर गेले.

मंडळी गेल्यावर मुलाने मला मिठी मारली. आई, तू वाचवलंस, म्हणाला. वर जायला निघाला होता, पण बाहेर गाडी हॉर्न देत होती, इंदूरहून विमान होतं. जिन्याच्या पायथ्यापासूनच त्याने हाक मारली की बाबा, निघतो. वरून आवाज आला, सावकाश जा.

ती मुलाखत खूप लोकांनी पाहिली. नात्यातल्या एका बाईने फोन करून सांगितलं की तुमची ॲक्टिंग फार नॅचरल झाली. मुलगा नावासाठी खोटं बोलला, पैशासाठी बोलला, काही तरी त्याच्या हाती लागलं. मी कशासाठी बोलले? आईचं काळीज वगैरे मला कुणी सांगू नये. तो नुसता गप्प होता. शब्द माझा होता.

मुलाखतीच्या दिवसापासून हे खाली झोपायला येत नाहीत. वरच्या खोलीत एक पलंग आहे आणि तबल्याची जोडी. मी विनवण्या केल्या, चिडले, रडले. रागावले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. पण ते रागावलेले नाहीत. वर हवा छान येते म्हणतात. गुडघे दुखतात, तरी दोन वेळा जेवायला जिना उतरतात. ह्या घराच्या एकेका स्लॅबसाठी हा माणूस उन्हात उभा राहिला आहे. दार सताड उघडं असतं. तरी ते बाहेर पायपुसण्यावर थांबतात, बोटाने दोनदा दार वाजवतात आणि विचारतात, "येऊ का?"

आणि मी रोज आतून म्हणते, "या."