नानांचा निळा दगड

नाना गेल्याचं मला सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या कापड रंगवायच्या कारखान्याच्या फोनवर कळलं. पुतणीच्या लग्नाला अमळनेरकडे गेले होते. मांडवातच छातीत कळ आली आणि संपलं... तीन आठवडे झाले त्याला. मी कारखान्यात हजेरी लिहितो, नाना रंगाच्या टाकीवर होते आणि बमरोलीत आमच्या खोल्यांची भिंत एकच होती. माणूस भलताच चौकस. कोणी बांधलं, कधी बांधलं, कशाला बांधलं, हे विचारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

रमणभाई नावाचे निवृत्त शिक्षक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लोकांना जुनी सुरत दाखवत. किल्ला, सराय, परदेशी व्यापाऱ्यांची कबरस्तानं. नानांनी मलाही ओढून नेलं. सुट्टीच्या दिवशी मेलेल्या गोऱ्यांच्या दारात कशाला जायचं, असं मी कुरकुरलो, तर आपल्या अहिराणीत म्हणाले, "कारखानामा माले कोन इचारस रे भाऊ? तठे लोके इचारतस, नाना, तुमले काय वाटस?" त्या रविवारासाठी ते सदरा आदल्या दिवशीच इस्त्री करून ठेवत.

इंग्रजांच्या कबरस्तानात मोठमोठ्या घुमटांमागे कोपऱ्यात एका कबरीचा बुटका दगड होता. अक्षरं इतकी झिजलेली की रमणभाईंनीही नाद सोडला होता. नानांनी सोडला नाही. एका रविवारी आम्ही दोघं लवकर पोहोचलो, तर त्यांनी पिशवीतून कारखान्यातल्या कच्च्या निळ्या रंगानं भरलेली बाटली काढली. रंग दगडावर चोळला, वरचा पुसून घेतला. खाचांमधली अक्षरं वर आली. नानांना इंग्रजी येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. नाव अर्धंच होतं, पण खाली लिहिलं होतं, जहाजाचा सुतार.

"म्हंजे कामगार शे हाऊ," नाना म्हणाले. "आपलासारखा." त्यांचा चेहरा काय फुलला होता.

मग त्यांनी पाणी ओतलं. कच्चा रंग पहिल्या धुण्यात सुटतो, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव. पण तो कापडाचा. दगडानं रंग पिऊन टाकला होता. तेवढ्यात रमणभाई मंडळी घेऊन आले. ते आवाज चढवणारे नव्हेत, त्या दिवशीही चढवला नाही. "नाना, तीनसौ बरस में किसी ने हाथ नहीं लगाया. तुमने एक रविवार में रंग डाला. अब मत आना." परतताना मला त्यांचा रागही आला होता आणि वाईटही वाटत होतं.

पुढच्या रविवारपासून ते दर रविवारी एकटेच कबरस्तानात जाऊ लागले. जुन्या धोतराच्या ओल्या घड्या दगडावर दाबून बसवायच्या आणि वाळेपर्यंत थांबायचं. वाळताना कापड थोडा रंग ओढून घेई. असं पाच महिने. तिथे बसून बसून त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. सकाळी आठच्या सुमारास ऊन आडवं पडलं की अक्षरं आपोआप वाचता येत होती. रंगाची गरजच नव्हती. "रंगनी शेड पाहाले आपण कापड उनमा लई जातस," ते मला म्हणाले, "आन दगडले मी उनमा पाह्यंच नही." हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते.

तिथल्या चौकीदाराकडून हे रमणभाईंच्या कानावर गेलं. एका सकाळी ते येऊन नानांशेजारी बसले, आडव्या उन्हात दगड वाचला आणि म्हणाले, "पहला रविवार है अगला. आठ बजे. लोगों को तुम बताओगे." तेव्हापासून दर महिन्याला नाना त्या दगडापाशी हात जोडून आधी स्वतःची चूक सांगत, मग सुताराबद्दल बोलत. लोक ऐकत उभे राहत.

या महिन्यात नाना नव्हते. मंडळी सवयीनं दगडापाशी थांबली, पण बोलणार कोण? दोन अक्षरांच्या खाचांत थोडा निळा रंग अजून आहे. नानांचं राहिलेलं काम पुरं करावं म्हणून मी कापड भिजवून नेलं होतं. घडी दगडाला लावणार, तोच रमणभाईंनी माझं मनगट धरलं.

"रहने दो भाई," ते म्हणाले. "इतना तो रहने दो."