वहिनीच्या पापण्या

आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात, अशी सोयऱ्यांची तक्रार असे. ती खरीच होती. नारपोलीत आमच्या राहत्या घराला लागूनच कापड विणायच्या लूमचा कारखाना होता. मधे एक भिंत आणि त्या भिंतीत दार. मी दुसरी-तिसरीत असताना आमच्या भाताच्या खाचरावर तो उभा राहिला. वडील गेल्यावर आईनं सगळा कारभार हातात घेतला आणि तिचा अर्धाअधिक दिवस त्या दारातच जाऊ लागला. लूम चालू असताना कानाशी तोंड नेऊन बोललं तरी कळत नसे. म्हणून कामगारांची खुणांची भाषा होती, आणि दारातून ती आमच्या स्वयंपाकघरात शिरली होती.

अंगठा तोंडाकडे नेला की पाणी. दोन बोटं एकमेकांवरून सटकवली की धागा तुटला. डोक्यावर तळहात ठेवला की व्यापाऱ्याचा माणूस आला, कारण तो कायम टोपीत असायचा. पण हात कामात गुंतलेले असल्यानं उत्तरं डोळ्यांनीच द्यावी लागत. डोळे मोठे करून भुवया उचलल्या म्हणजे ‘हो’. आणि कुणी काही विचारल्यावर डोळे अर्धे मिटून नुसतं बघत राहिलं, तर त्याचा अर्थ ‘गेलास उडत’. यावरून कामगार एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले मी पाहिलेत.

सत्तरचं दशक निम्मं सरलं असेल, तेव्हा दादाचं लग्न झालं आणि दिघाशीहून वहिनी आली. उंच, सडसडीत, कामाला वाघ. लूमवर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरायला ती आठवड्याभरात शिकली. गायची तर अशी, की शुक्रवारच्या सुट्टीला लूम बंद असले की शेजारणी मुद्दाम भाजी निवडायला आमच्या ओट्यावर यायच्या. आई वरून कडक. पण सून मिळाली ती चांगलीच मिळाली, हे तिच्या चालण्यातून दिसायचं.

वर्षभरात काहीतरी बिनसलं. सकाळी वहिनी पहिल्यासारखी असायची. दुपार कलली की तिच्या हातातली कांडी जड व्हायची. दिवेलागणीला आई कारखान्याच्या दारातून खूण करून विचारायची, चहा ठेवलास का? आणि वहिनी चुलीपाशी उभी राहून अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघायची.

आता हे आमच्याच घरात घडू शकतं. दुसऱ्या कुठल्या सासूला वाटलं असतं की सुनेला झोप आली. आईला ती भर कारखान्यात, कामगारांसमोर मिळालेली चपराक वाटली.

“सकाली धावते आनि सांच्याला डोले मिटून बघते. मना कोन समजते ही?” आई दादाला म्हणायची.

आमचा दादा लूमचं कुठलंही बिघडलेलं यंत्र उघडून बसवायचा, पण आई आणि बायको यांच्या मधे आला की त्याला पाना सापडत नसे. मी वहिनीला एकदा सरळ विचारलं की आईला असं का बघतेस. ती गोंधळली. म्हणाली, “मी तं हो म्हनते.” ती खरंच हो म्हणत होती. चेहऱ्यावर ते उमटत नव्हतं, आणि आपला चेहरा आपल्याला थोडाच दिसतो.

मग आईनं ठरवलं. येता शुक्रवार सोडून पुढच्या शुक्रवारी दादानं वहिनीला माहेरी दिघाशीला नेऊन सोडायचं, आणि परत आणायचं की नाही ते नंतर बघू. आमच्याकडे ‘नंतर बघू’चा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. वहिनीनं आपली लुगडी ट्रंकेत भरली.

त्याच्या आधीच्या शुक्रवारी शेजारी हळद होती. लूम बंद, सगळी आळी शांत. बायकांनी वहिनीला गायला बसवलं. पहिली ओळ खणखणीत लागली. दुसरीला आवाज नाकात गेला. तिसरीला शब्द असे सांडायला लागले की बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी पाणी दिलं, तर ते तिच्या नाकातून बाहेर आलं. आईनं तोंड फिरवलं. तिला वाटलं, चार बायकांत आपली शोभा करायला सून मुद्दाम गात नाहीये. मी मात्र तिथेच भडकले. रोजच्या खटखटाटात तिचा आवाज कधी असा झाला हे आम्हाला कळलंच नव्हतं, आणि नाकातून पाणी काढायचं सोंग जगात कुणी घेत नाही.

घरी येऊन मी इतकी भांडले की आई शेवटी म्हणाली, “चल डॉक्टरकडं. कामचुकार हाय असं त्यालाच सांगू दे. मंग तरी तुजं तोंड बंद होल.”

गावातल्या डॉक्टरांनी वहिनीला तपासलं आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. आई आमच्याबरोबर आली ती निकाल ऐकायलाच. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वहिनीला छताकडे बघायला सांगितलं. “बघत राहा, खाली बघू नका.” वहिनी बघत राहिली आणि तिच्या पापण्या हळूहळू खाली आल्या. ती जोर लावत होती. मानेच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या. बाईंनी मान डोलावली, दंडात एक इंजेक्शन दिलं आणि बसायला सांगितलं.

त्या दालनात गर्दी आणि कलकलाट होता. आई समोरच्या बाकावर, वहिनी अलीकडे माझ्याजवळ. बराच वेळ गेला. मग आईनं, रागात असली तरी सवयीनं, अंगठा तोंडाकडे नेला. पाणी पाहिजे का?

वहिनीनं डोळे मोठे केले आणि भुवया उचलल्या.

हो.

आईचा अंगठा ओठांपाशी तसाच राहिला. कितीतरी महिन्यांनी दुपार कलल्यावर तिला त्या चेहऱ्याकडून उत्तर मिळालं होतं. वहिनीला स्वतःला काहीच वेगळं वाटलं नव्हतं. ती आपली पाण्याची वाट बघत बसली होती.

बाई भल्या होत्या. त्यांनी आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलं. मी विज्ञान शाखेत होते, चेतापेशीची आकृती परीक्षेत काढून आले होते, पण चेता आणि स्नायू विजेच्या तारेसारखे जोडलेले असतात अशीच माझी समजूत होती. तसं नसतं. मधे फट असते, केसाहून कितीतरी बारीक. चेतेतून निरोप येतो तो या काठापर्यंतच. तिथे बारीक बारीक पिशव्यांमध्ये एक द्रव्य साठवलेलं असतं. निरोप आला की पिशव्या फुटतात, द्रव्य फट ओलांडतं आणि स्नायूवर त्याच्यासाठी ज्या जागा असतात तिथे जाऊन बसतं. मग पापणी उचलली जाते. काम झालं की त्या द्रव्याचे लगेच तुकडे केले जातात, म्हणजे पुढच्या निरोपाला वाट मोकळी. वहिनीच्या स्नायूंवरच्या या जागाच कमी झाल्या होत्या. ताजेपणी द्रव्य भरपूर सुटतं, तेव्हा निभतं. निरोपामागून निरोप गेले की दर वेळी थोडं कमी सुटतं, आणि मग पुरत नाही. विसावा मिळाला की पुन्हा भरतं. इंजेक्शननं तुकडे करणाऱ्याला थोपवलं, म्हणून आहे तेवढं द्रव्य फटीत जास्त वेळ टिकलं.

पुढे मी वाचलं की दोन चेतापेशींच्या मधेही अशीच फट असते. तिला सिनॅप्स म्हणतात. म्हणजे डोक्यात जे काही चालतं, माया असो की संताप, ते एका काठावरून सुटून दुसऱ्या काठाला लागेल तेव्हाच. हे वाचल्यापासून कुणी मला उत्तर दिलं नाही की मी लगेच चिडत नाही. निदान तसा प्रयत्न करते. स्वभाव आईचाच घेतलाय.

आईला त्या चित्रातलं किती कळलं कोण जाणे. तिनं एवढंच विचारलं, “म्हंजे ही सांगत होती, पन पोचत न्हवतं?”

“बरोबर,” बाई म्हणाल्या.

आजार पूर्ण जाणारा नव्हता. गोळ्या रोज घ्यायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळपासून. येताना एसटीत आई खिडकीबाहेर बघत होती. मी तिला डिवचलं नाही, म्हणजे बघा.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. इंजेक्शनचा असर ओसरला होता आणि वहिनीच्या पापण्या पुन्हा उतरल्या होत्या. कारखाना जोरात चालू. आई नेहमीसारखी दारात जाऊन उभी राहिली. वहिनी तिच्या मागे गेली. तिचे ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं, आणि डोळे तेच, अर्धे मिटलेले. आईनं तिच्याकडे नीट बघितलं. मग आत जाऊन भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला.

वीज असताना लूम थांबवणं आमच्याकडे पाप होतं. एकेक लूम खडखडत थांबला. कामगार माना वर करून बघू लागले. एकानं विचारलं, “क्या हुआ सेठानी, लाइट गया क्या?”

“कुछ नहीं हुआ. ठहरो जरा,” आई म्हणाली आणि वहिनीकडे वळली. “बोल.”

वहिनीचा आवाज नाकातून, तुटत तुटत आला.

“ट्रंक भरलेली हाय. मना दिघाशीला कवा धाडनार?”

“न्हाय धाडनार,” आई ओरडली. लूम बंद होते, ओरडायची काहीच गरज नव्हती. सगळ्या आळीनं ते ऐकलं.