प्रार्थनेचा विषय

चुगली करणं पाप आहे, हे आमच्या मंडळीत सगळ्यांना तोंडपाठ. म्हणून आमच्याकडे कुणी चुगली करत नाही, प्रार्थना करतात. बोरगाव मेघेत दर बुधवारी कुणाच्या तरी घरी सतरंजी पसरली जाते, गाणी होतात, वचन वाचलं जातं, आणि शेवटी हात धरून, डोळे मिटून एकेक जण मोठ्यानं प्रार्थना करतो. कुणाच्या घरात काय चाललंय ते शेवटच्या आमेनपर्यंत सगळ्यांना कळतं. पूर्वी मला याचं हसू यायचं.

मी वडनेरच्या शेतकरी घरातली. प्रभूकडे आले ती लग्नानंतर, मागच्या गल्लीतल्या ताईंमुळे. टायफॉइडनं मी अंथरुणाला खिळले तेव्हा दोन्ही वेळचा डबा त्यांनी आणला. प्रार्थना कशी करायची, तेही त्यांनीच शिकवलं. सख्ख्या बहिणीला सांगितलं नसतं ते मी त्यांना सांगायची.

माझ्या नवऱ्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. बरीच वर्षं तो सभेच्या दाराबाहेर, चपलांपाशी उभा राहून ऐकायचा. पिणाऱ्या माणसानं आत कसं बसावं, म्हणायचा. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे दारू शोधत कुणाला लांब जावं लागत नाही, तीच पत्ता विचारत घरी येते. तरी यानं सोडली. आत येऊन बसायला लागला. इस्टरला बाप्तिस्मा घ्यायचं ठरलं, तेव्हा आपणहून पांढरं कापड आणून सदरा शिवायला टाकून आला.

आणि मग एका शेतात विहिरीवरची मोटर बसवून झाल्यावर पार्टी झाली. घरी आला तो थेट न्हाणीघरात गेला, डोक्यावर पाणी ओतत बसला. सकाळी माझ्यासमोर रडला. एवढा मोठा माणूस रडताना मी पहिल्यांदा पाहिला. म्हणाला, "रविवारी पास्टरले मीच सांगीन. माह्या तोंडानं. तोवर तू कोणाले काई बोलू नको."

मी हो म्हटलं. पण माझ्या जिवाला चैन कुठली! पुन्हा सुरू झाली तर, या धास्तीनं मी दुपारीच ताईंकडे गेले. फक्त तुम्ही प्रार्थना करा, म्हटलं. त्यांनी माझे हात हातात घेतले, डोळे पुसले, कुणाला कळणार नाही म्हणाल्या.

त्या बुधवारी सभा आमच्याच घरी होती. शेजाऱ्यांची सतरंजी यानंच मागून आणली, चहाही यानंच टाकला. ताईंची पाळी आली. आवाज भरून आला होता त्यांचा. "प्रभू, या घरातला आमचा भाऊ मोहात पडला. बाटलीकडं परत गेला. त्याले सोडव." सगळ्यांनी जोरात आमेन म्हटलं.

मी डोळे उघडले. हा स्वयंपाकघराच्या दारात ट्रे धरून उभा होता. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. त्यानं सगळ्यांना चहा दिला, ताईंनाही दिला, आणि रिकामा ट्रे ठेवून दुकानात निघून गेला.

रविवारी तो चर्चला आला नाही. पास्टर स्वतः दुकानात गेले. त्यांना सगळं कळलेलंच होतं, मग हा काय सांगणार? अर्जंट मोटर द्यायची आहे म्हणाला आणि मान वर केली नाही. शिंप्याचा निरोप आला, सदरा तयार आहे म्हणून. कुणी आणायला गेलं नाही. मला तो एका शब्दानंही बोलला नाही.

मी तणतणत ताईंकडे गेले. तर वा रे वा, त्या शांत! "मी काय चुगली केली का? देवापुढं ठेवलं. तू काऊन एवढी तापून राह्यली? रागातूनच सैतान घरात येते." म्हणजे सांगितलं त्यांनी, अन् पाप माझ्या रागाचं! तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मी या बाईला जवळची समजत होते, याचीच लाज वाटली.

त्यांचंही एक मला ठाऊक होतं. सून भांडून कायमची माहेरी गेली होती. मंडळीत मात्र आजारी आईला बघायला गेली असं सांगितलेलं. पुढच्या बुधवारी माझी पाळी आली, आणि नेमका ताईंचाच हात माझ्या हातात. मी सुरुवात केली, "प्रभू, आमच्या ताईंच्या सुनेले..." त्यांचा हात एकदम ताठ झाला. शब्द माझ्या जिभेवर तयार होते, आणि खोटं कशाला बोलू, गोड लागत होते. सगळी खोली ऐकत होती. मी ते शब्द गिळले आणि म्हटलं, "...अन् तिच्या आईले चांगली तब्येत दे."

मोठा डोंगर चढून आल्यासारखं वाटत होतं मला. तशीच दुकानात गेले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. मनात आलं होतं तरी बोलले नाही, त्यांची गोष्ट पोटात ठेवली, म्हटलं. आता तरी हा काही बोलेल, निदान बरं केलंस म्हणेल, अशी आशा होती. तो तांब्याची तार गुंडाळत होता. वेढा पुरा करून त्यानं हात थांबवला आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे तुले चूप राहता येते तं."