दादाच्या हिरड्या

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीच्या दवाखान्यात एका आजोबांच्या कवळीचं माप घेत होते. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात, मशीनपाशीच त्याच्या छातीत कळ आली, तो खाली बसला आणि संपलं सगळं. पन्नाशीही गाठली नव्हती त्याने. आता दीड महिना होत आला...

वसंतदादा माझा मोठा भाऊ. वडील लवकर गेल्यावर शिक्षण सोडून तो फिटर झाला आणि मला दातांची डॉक्टर केलं. ऐंशी सालानंतर मी दवाखाना उघडला तेव्हा पहिला पेशंट म्हणून खुर्चीत तोच बसला, खिशात सिगारेटचं पाकीट घेऊन. हिरड्या फिकट, घट्ट, दिसायला छान. पण मापाची बारीक सळई हिरडीखाली घातली तर ती आत जातच राहिली. हाड झिजलेलं होतं, आणि रक्ताचा थेंब नाही. सिगारेटमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, सूज दिसत नाही, आजार आतल्या आत वाढतो, हे मी त्याला परोपरीने सांगितलं. "रक्त येत नाही म्हणजे ठणठणीत आहेत की," तो हसून म्हणाला.

मग त्याचं रक्त तपासून घेतलं. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, शरीरातली सूज दाखवणारा ईएसआरही जास्त. ताप नाही, खोकला नाही, तरी शरीर कशाशी तरी सतत झुंजत होतं. त्यात सिगारेटचा वाटा किती आणि हिरड्यांचा किती, कोण सांगणार? पुढेही तपासलं की तेच यायचं. खालचे पुढचे दात हलू लागले. आधी ऊस सुटला, मग भाकरी दुधात कुस्करून खाणं आलं. मी चिडायचे. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि खाली रस्त्यावर जाऊन पेटवायचा.

तेराव्यानंतर शहाडला त्याच्या घरी वहिनीजवळ बसले होते. तेव्हा तिने जे सांगितलं ते मला कधीच कळलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी दसऱ्याला दादाने सिगारेट सोडली होती. भाऊबीजेला मला ओवाळणी म्हणून हेच सांगायचं, तोवर कुणाला कळू द्यायचं नाही, असं त्याने ठरवलेलं. दिवाळी तोंडावर आली आणि एका सकाळी दात घासताना बेसिन लाल झालं. दुसऱ्या दिवशीही तेच. तो फार घाबरला. वहिनीने मला विचारायला सांगितलं, तर म्हणाला, "तिच्या सांगण्यावरून सोडली आणि हे झालं, असं कळलं तर जिवाला लावून घेईल ती." भाऊबीजेच्या आदल्या दिवशी त्याने पुन्हा पाकीट आणलं. हळूहळू रक्त थांबलं.

"सुधा, कशाचं होतं गं ते रक्त?" वहिनीने विचारलं.

सिगारेट सुटली की आकसलेल्या वाहिन्या मोकळ्या होतात, दबलेली सूज वर येते. नीट साफसफाई केली असती तर थांबलं असतं ते. त्याचं हृदय वाचलं असतं की नाही, मला खरंच माहीत नाही. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं... पण ती माझ्याकडेच बघत होती.

"बरं होत होतं, वहिनी," मी म्हणाले.

ती उठली आणि बेसिनवर जाऊन तोंड धुतलं. बेसिनवरचा आरसा दादाने स्वतःच्या उंचीला ठोकलेला. खाली घेऊ का, असं मी विचारलं. नको म्हणाली. त्यात तिला जेमतेम कपाळ दिसतं.